तीन तासांची विधवा

फोन आला तेव्हा मी एका ब्लाउजला हुक लावत होते. पलीकडचा माणूस म्हणाला, "तुमच्या मिस्टरांवर रॅक पडला. जागेवरच गेले. बॉडी सरकारी दवाखान्यात आहे." मी नाव विचारलं. त्याने माझ्या नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं आणि फोन ठेवला.

नवरा दापोड्याला गोदामात माल चढवतो-उतरवतो. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, गेटवरच जमा करतात. त्यामुळे त्याचा फोन नुसताच वाजत राहिला. शेजारच्या बायका धावत आल्या, त्यांनी माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. काच मनगटात घुसली. त्यांना मी बोल लावत नाही, खबर कंपनीनेच दिली होती.

दवाखान्यात तीन तास बाकावर बसवून ठेवलं. मग चादर बाजूला केली, आणि तो माझा नवरा नव्हताच. मला आनंद झाला. एका मेलेल्या माणसाकडे बघून आनंद झाला, त्याची लाज अजून वाटते.

गळ्यातला पास मात्र माझ्या नवऱ्याचाच होता. माणसं कमी पडली की सुपरवायझर गेटवर एकाचा पास दुसऱ्याला घालून आत घ्यायचा. त्या दिवशी नवऱ्याला शेजारच्या गोदामात धाडलं होतं आणि त्याच्या पासवर पडघ्याकडचा एक मजूर कामाला लावला होता. फोन करणाऱ्याने पासवरचं नाव वाचलं, फोटो आणि चेहरा ताडून बघण्याचे कष्ट घेतले नाहीत.

तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की माझे हात गार पडतात. नवऱ्याला बाथरूममध्ये जरा वेळ लागला तर मी दार बडवते. मशीनवर बसलं की शिवण वाकडी जाते. मनोविकाराच्या डॉक्टरांनी हा आजार आहे असं लिहून दिलंय, गोळ्या चालू आहेत.

आठवड्याने कंपनीचा साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन आला. "वहिनी, तोंड गोड करा! फक्त इथे सही करा, तुम्हाला काही इजा झालेली नाही म्हणून." मी पुडा उंबऱ्यावरूनच परत केला. नवरा म्हणाला, "कशाला डोक्याला ताप? मी हाय ना?" म्हटलं, तू आहेस, पण मी पहिल्यासारखी आहे का?

मी दावा लावला. आमच्या वकीलबाई भल्या, पण त्यांनीही सुचवलं की मनगटाची जखम पुढे करू, दिसणारी इजा असली की कोर्टात सोपं जातं. मी नाही म्हटलं. ती जखम आठ दिवसांत भरली होती. न भरलेली सोडून भरलेली काय म्हणून दाखवू?

खरं सांगायचं तर एकदा माघार घ्यायला निघाले होते. मेलेल्या मजुराची बायको कोर्टाच्या आवारात भेटली, तिचाही दावा चालू होता. तिच्यापुढे कुठल्या तोंडाने उभी राहू? तीच म्हणाली, "माजा मानूस गेला, म्हून तुजं काय झालंच न्हाय का? मागं सरू नको."

उलटतपासणीला कंपनीचे वकील माझ्याकडे बघून हसले. "बाई, तुमचा नवरा जिवंत आहे ना?"

"आहे."

"त्या दिवशी त्याला साधं खरचटलं तरी होतं का?"

"नाही."

"मग तुमचं नक्की बिघडलं काय?"

डोकं तडकलं. म्हटलं, "साहेब, तुमच्या मिसेसचा नंबर द्या. तुम्ही गेलात म्हणून आत्ता फोन करते. तीन तास रडू दे त्यांना. मग सांगते, चूक झाली. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनाच विचारा, तुझं नक्की बिघडलं काय."

न्यायाधीश म्हणाले, "बाई, विचारलंय तेवढ्याचंच उत्तर द्या."

मी म्हटलं, "तेवढ्याचंच दिलंय, साहेब. लिहून घ्या."