जगदेवरावांची बैठक

"आधी खाली बसा, मग जेवा!"

"नाही बसत. उभ्यानं अन्न उतरत नाही काय?"

"उभ्यानं घोडा खातो!"

भिंत एका विटेची, त्यामुळे हे भांडण ऐकण्याचं पाप शेजारच्या सगळ्या घराला लागलं.

अहल्याबाईंचा संशय उगाच नव्हता. नवरा जगदेवराव तीन पिढ्यांचा घोडेस्वार. सयाजीराव महाराजांच्या राज्यात कचेरीचे कागद घोड्यावरून गावोगाव पोचवायचा. महिनाभर मात्र स्वारी पहाटेच गुपचूप निघे आणि पाय फाकवत परत येई. खोबरेल दोन दिवसांत संपे. आधी उशीतला कापूस गेला, मग जुनी दुलई, आणि काल तर माहेरचं मखमली आसन. कुठंतरी कुणाचा तरी बिछाना सजत होता, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी पदर कपाळापर्यंत ओढून बाई मागोमाग निघाल्या. गोरव्याच्या वाटेवर निवडुंगाच्या कुंपणाआड उभ्या राहिल्या, आणि सवत दिसली. दोन चाकांची. तिच्या पाठीवर कापूस, दुलई, वर आसन, सगळं घोड्याच्या तंगानं आवळलेलं. जगदेवरावांनी जीभ टाळ्याला लावून 'टक्‌ टक्‌' केलं, डाव्या बाजूनं टांग टाकली. शंभर पावलांवर खोगीर कलंडलं आणि स्वार कुंपणात.

"हीच का ती?"

"हळू बोल! घोडे बंद होताहेत. आठ दिवसांनी सावली गावाला जाऊन दुपारच्या आत परत यायचंय. नऊ कोस जायचं, नऊ यायचं. जमलं तर सायकलस्वार, नाहीतर घरी."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"स्वाराच्या पोरानं काय सांगायचं? बैठक सोलली म्हणून?"

तरी बाईंनी आसन हुंगून पाहिलं. खोबरेलच होतं.

"मी पायलीभर दळते तेव्हा कशावर बसते?"

"पाटावर."

"उशी घेते का? उशीवर माणूस डुलतो, आणि डुललं की सोलतं. सोडा हे बाळंतिणीचं अंथरूण!"

खालचं सायकलच्या बैठकीचं कातडं उघडं पडलं, लाकडासारखं टणक. त्यानंतरचं खोबरेल जगदेवरावांऐवजी कातड्याला लागू लागलं. चार दिवस विव्हळण्यात गेले. पाचव्या दिवशी कातडं जरासं दबलं. आठव्या दिवशी कचेरीवर बाराचे टोले पडायच्या आत स्वारी सावलीहून हजर.

"वाटेत कुणाच्या गाडीत नाही ना बसलात?" बाईंनी चाकांची धूळ बोटानं पाहिली. जगदेवराव पाटावर बसले आणि पोटभर जेवले. तेव्हा कुठं खात्री पटली.

पुढं अठरा वर्षं तीच सायकल, तेच कातडं. पेन्शनीच्या आदल्या दिवशीही सावलीचेच कागद होते. जगदेवरावांनी थैली खांद्याला लावली, डावीकडून टांग टाकली.

"घरातलं काही नेलं नाही ना?" बाईंनी उंबऱ्यातून उशा मोजल्या.

"नाही गं."

टक्‌ टक्‌ करून ते निघाले. दुपारच्या आत परतले, सायकल भिंतीला टेकवली, पाट स्वतःच मांडला आणि बसले.

"वाढ."