अडखळणाऱ्याचा गूळ

डोळा लागतोय आणि लागत नाही, अशा काठावर सुमती पडून आहे. रविवारची दुपार आहे. सकाळची उपासना झाली, रस्सा-भाकरी झाली, भांडी पालथी पडली. नवरा दवाखान्यात ड्युटीवर गेलाय. पलीकडच्या खोलीत सात वर्षांची दबोरा भिंतीकडे तोंड करून बसलीय, आणि सुमतीचा उजवा तळहात अजून चुरचुरतोय.

चुरचुरणारच. पोरीच्या गालावर बसलाय तो. संध्याकाळी पाच वाजता चर्चमध्ये पाठांतराची स्पर्धा आहे आणि दबोराला बायबलमधला प्रीतीचा अध्याय म्हणायचाय. 'स्वार्थ पाहत नाही'पर्यंत सगळं नीट येतं, पण प्रीती चिडत नाही, इथं आली की पोर अडखळते. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा सुमतीनं ठेवून दिली. प्रीती चिडत नाही हे पाठ होईना म्हणून चिडून दिली! आणि हीच बाई दर रविवारी चर्चच्या शब्बाथ शाळेत गावभरच्या पोरांना शिकवते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही उगाच नाही. बाईंचीच पोर अडखळली तर चारचौघांत तोंड कसं दाखवायचं, एवढीच तिला पडली होती.

दबोरा रडली नाही. एवढंच म्हणाली, "मला येशूचं काहीच पाठ करायचं नाही आता." ते वाक्य घेऊनच सुमती कूस बदलते.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात नाथान आबा बसलेत. धुवट पायजमा, कानाला मफलर, अंगाला टिंक्चरचा वास. जन्मभर मिशनच्या दवाखान्यात लोकांच्या जखमा बांधल्या त्यांनी. सुमतीचे सासरे.

"आबा, तुम्हाला तर आम्ही गेल्या नाताळाच्या आधी…"

"पुरलं की. चांगली दाबून टाकली माती. उपासनेला बसायचं ना?"

"आत्ता? दुपार आहे, आबा."

"आमच्याकडं दुपार-बिपार काय नसतं."

आबा होते तोवर रोज दिवेलागणीला घरात उपासना व्हायची. प्रत्येकानं एक वचन म्हणायचं, आणि शेवटी आबा गुळाची काचेची बरणी उघडायचे. पहिला खडा कुणाला? बिनचूक म्हणणाऱ्याला नाही, अडखळला असेल त्याला. 'ज्याला येतं त्याला वचनच गोड लागतं, ज्याला येत न्हाई त्याला गूळ लागतो,' असा त्यांचा हिशोब. सुमतीला तो कधी पटला नाही. अशानं पोरं मुद्दाम विसरतील, म्हणायची. आबा गेले, बरणी माळ्यावर गेली, आणि उपासनेच्या जागी पाठांतर येऊन बसलं.

ती उंबरा ओलांडते तर चर्च आहे. पुढच्या टेबलावर पवित्र शास्त्र नाही, ड्रेसिंगचा ट्रे आहे. कापूस, चिमटा, पांढऱ्या पट्ट्या. आबा एक पट्टी गुंडाळत उभे आहेत.

"म्हन," ते म्हणतात.

"मी?"

"तूच. दुसरं कोन हाये इथं? प्रीतीचा अध्याय."

हात्तिच्या! हा तर तिला झोपेतही येतो. ती सुरू करते, 'स्वार्थ पाहत नाही'पर्यंत भराभर येते, आणि तिथं जीभ टाळ्याला चिकटते. पुढचं येत नाही. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, पुन्हा तिथंच येऊन अडते. बाकांवर आता शब्बाथ शाळेची पोरं बसलीत. कुणी हसत नाही. प्रत्येकाचा डावा गाल लाल आहे.

सुमतीचा हात आपोआप पुढे होतो, मार खायला. आबा तळहात उजेडाकडे धरून बघतात.

"ह्यो लय लाल झालाय की गं. कुनाला लागला?"

"दबोराला."

आबा चिमट्यानं कापूस उचलून तळहात पुसू लागतात.

"आबा, मला लाज वाटते."

"वाटू दे. जखम धुताना झोंबतंच. झोंबतं म्हनून म्या कधी धुयाची सोडली न्हाई."

"ती म्हणते, येशूचं काहीच नको."

"येशूचं नगं म्हनली, का तुझं नगं म्हनली?"

चर्चच्या फरशीत आपण गडप व्हावं असं सुमतीला वाटतं. आबा ट्रेमधून काहीतरी उचलतात, तिच्या तळहातावर ठेवतात आणि तिची बोटं एकेक करून मिटवतात.

"अडखळलीस न्हवं? मग पैला तुझा."

डोळे उघडतात तेव्हा मूठ मिटलेलीच आहे. उघडून बघते तर आत गुळाचा खडा, जुना, काळसर, घामानं चिकट झालेला.

पलंगाच्या कडेला दबोरा उभी आहे. गालावर चार बोटं अजून दिसतात. मागे ट्रंकेवर स्टूल चढवलेलं आहे आणि बरणी खाली आलीय.

"तू झोपेत वचन म्हणत होतीस, मम्मी," दबोरा म्हणते. "आणि अडखळलीस. माझ्यासारखीच, तिथंच. म्हणून दिला. आबा द्यायचे ना?"

"तू घेतलास?"

दबोरा नाही म्हणून मान हलवते. "मला मिळालं ना आधीच. मार."

तक्रार नाही, रुसवा नाही. जे झालं ते सांगते आहे फक्त. सुमती उठून बसते. पोरीकडे बघायचं तिला धाडस होत नाही, म्हणून ती गुळाकडे बघत बोलते.

"माझं चुकलं, दबू. फार चुकलं."

दबोराही गुळाकडेच बघते.

"आधी तू अडखळली होतीस. पहिला खडा तुझा."

ती खडा घेऊन हात पोरीच्या तोंडाशी नेते. हात जवळ येताना दबोरा डोळे गच्च मिटून घेते आणि मान खांद्यात ओढते.

सुमतीचा हात तिथंच थांबतो. ती तो मागे घेत नाही, पुढेही नेत नाही. नुसता धरून ठेवते. बऱ्याच वेळानं दबोरा एक डोळा उघडते, गूळ बघते, आणि स्वतःच पुढे होऊन तो दातांनी उचलते.

तळहातावर गुळाचा चिकट डाग राहतो. तो झोंबतोय, आणि चर्चच्या पाचच्या घंटेपर्यंत सुमती हात धूत नाही.