तीन गावांची चौकशी

जगात कोणावर भरवसा ठेवू नये, आणि इंग्रजी क्रियापदावर तर मुळीच नाही, असं मानणारा माणूस जळगावात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. मास्तर धुळ्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. दूधवाल्याच्या दुधावर, केळीवाल्याच्या डझनावर, माझ्या ‘काही नाही हो, सहज आलो’ यावरही त्यांचा सारखाच संशय. पण खरा डूख क्रियापदांवर. क्रियापद दिसायला गरीब असतं, पण मागे ऑन येईल, ऑफ येईल की अबाउट, याचा नेम नाही. “बठ्ठा घोटाळा आठेच शे,” सगळा घोटाळा इथेच आहे, असं ते डोळे बारीक करून अहिराणीत सांगतात.

म्हणून मुलीचं स्थळ पाहावं तशी ते प्रत्येक क्रियापदाची चौकशी करतात. आपल्याकडे सोयरिकीआधी तीन गावांतून माहिती काढतात ना, अगदी तश्शी. एक साक्ष जुन्या कोशाची, दुसरी चाळीसगावच्या वकील झालेल्या विद्यार्थ्याची, तिसरी माझी. तिघांचं जुळलं नाही तर मास्तरांचं इंग्रजी पत्र थांबतं. जुळलं तर आणखीच थांबतं, कारण आम्ही आपसात आधीच बोललो असणार! कॉलनीच्या पाण्याची मोटार जळाली तेव्हा कंपनीला लिहायचं तक्रारीचं पत्र पहिल्याच क्रियापदाशी पंधरा दिवस अडलं. तेवढ्यात नशिराबादच्या रफिकभाईंनी मोटार दुरुस्त करून चालूही केली. मास्तरांना मग रफिकभाईंचाच संशय आला, काम इतक्या लवकर कसं झालं म्हणून.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो, पण नातीच्या बाबतीत ते जमेना. त्यांची नात कॅनडात. तिला मराठी येत नाही. दर रविवारी तिचा फोनवर इंग्रजीत निरोप यायचा, आजोबा दिवसभर काय करता, वगैरे. मास्तर वहीत उत्तर लिहायचे आणि चौकशीला बसायचे. ती वही मी पाहिली. पानंच्या पानं उत्तरं, आणि एकही धाडलेलं नाही. आजोबाचंच इंग्रजी चुकलं तर पोरीपुढे काय इज्जत राहील, म्हणे.

मग निरोप यायचे बंद झाले. मास्तरांनी आधी फोनवर संशय घेतला, मग नेटवर, मग सुनेवर. महिन्याभराने एका दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि खाली बघत म्हणाले, “भाऊ, पोर माझ्यावर रुसली असेल का रे?”

वहीतलं पहिलं हाती लागलं ते उत्तर मी त्यांना फोनवर उतरवायला लावलं आणि त्यांच्याच बोटाने पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फोन घेऊन माझ्याकडे आले. नातीनं लिहिलं होतं की, आजोबा, तुम्हाला इंग्रजी येत नसेल असं वाटलं, म्हणून मी लिहिणं सोडलं.

एवढ्याशा त्या निरोपात इंग्रजीच्या दोन चुका होत्या. मास्तरांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. कोश उघडला नाही, चाळीसगावला फोन केला नाही, मलाही काही विचारलं नाही.

“बरोबर शे,” म्हणाले, आणि तिथेच बसून उत्तर लिहू लागले.