कापसाची दाढी

नीळकंठराव दिग्रसच्या नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करायचे. ते पोटापाण्याचं काम. जीव मात्र रंगभूषेत. पंचक्रोशीत नाटक असलं की तोंडं रंगवायला तेच, आणि त्यांची कापसाची दाढी तर नावाजलेली. जिनिंगमधला सरकी काढलेला कापूस बोटांनी विंचरायचा, गालाला स्पिरिटचा डिंक लावायचा आणि असा बसवायचा की पंचविशीतला पोरगा ऋषी दिसावा. कापूस मातीमोल झालेल्या त्या वर्षांत लोक चेष्टेनं म्हणत, आपल्या कापसाला भाव देतात ते एकटे नीळकंठराव.

त्याच वर्षांत गावोगावची नाटकंही थंडावली. लोकांच्या हाती पैसा नाही, तर वर्गणी देणार कोण? शेवटी विदर्भातल्या नाट्यमंडळांनी ठरवलं, पडदे, दिवे आणि पडद्यामागची माणसं एकमेकांना पुरवायची. त्यासाठी २००६च्या डिसेंबरात यवतमाळला पाच दिवसांचं शिबिर ठेवलं. शेवटच्या दिवशी यादी लागणार होती. यादीत नाव आलं की बुलढाण्यापासून गोंदियापर्यंत काम. नीळकंठरावांना त्या यादीत नाव हवंच होतं. नोकरी दोन वर्षांत संपणार होती आणि रंगाच्या पेटीशिवाय जगायचं कसं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

नाव नोंदवायच्या रांगेत पुढचा माणूस मागं वळला. डाव्या गालापासून गळ्यापर्यंत ओढलेलं, गुळगुळीत कातडं. नीळकंठराव एक पाऊल मागं सरले.

"राम राम, निळूभाऊ," धरमसिंग म्हणाला आणि पुन्हा पुढं वळला.

आठ वर्षांपूर्वी हाच धरमसिंग दिग्रसच्या गणेशोत्सवातल्या नाटकात ऋषी झाला होता. आर्णीकडच्या बंजारा तांड्यावरचा गडी, पण आवाज असा खणखणीत की मागच्या रांगेतली पेंगणारी म्हातारीही सावरून बसे. त्या दिवशी त्याचा प्रवेश जवळ आला तरी दाढी अर्धीच झाली होती. नीळकंठरावांनी घाईघाईनं ती उरकली, स्पिरिट उडायच्या आत, डिंक ओला असतानाच त्याला विंगेत उभं केलं, आणि ऋषीच्या हातात द्यायचं आरतीचं निरांजन स्वतः पेटवून दिलं. विंगेत दोघंच होते. दाढी भपकन पेटली.

मंडळानं विचारलं तेव्हा नीळकंठराव म्हणाले, "बिडी पेटवली असंल त्यानं." धरमसिंग महिनाभर दवाखान्यात. परत येऊन त्यानं खरं काय ते सांगितलं, पण कचेरीतल्या माणसापुढं तांड्यावरच्या माणसाचं ऐकतो कोण? त्यानं जन्मात बिडी ओढली नव्हती, तरी नाव पडलं बिडीवाला. पुन्हा कुणी त्याच्या तोंडाला रंग लावला नाही. आता तो आर्णीत पडदा ओढायचा आणि शिबिरालाही पडदेवाला म्हणूनच आला होता.

तीन दिवस नीळकंठराव त्याला चुकवत राहिले, पण जेवताना गाठ पडेच. धरमसिंग पंगतीला समोर बसे, मुकाट जेवे, एखादे वेळी मीठ मागे. बोलत काहीच नसे आणि त्याचीच धास्ती जास्त. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. दोन माणसं कुजबुजताना दिसली तरी नीळकंठराव कान टवकारत.

नागपूरहून शिकवायला आलेल्या अनघाताईंच्या कानावर त्या दाढीची कीर्ती गेली होती. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "उद्या यादी लावायची आहे. आज तुमची दाढी सगळ्यांना शिकवा. कुणाचा चेहरा घेताय?"

कोणी हलायच्या आत धरमसिंग उठला आणि आरशासमोरच्या खुर्चीत येऊन बसला. शेजारी सरस्वतीच्या तसबिरीपुढं समई तेवत होती.

नीळकंठरावांनी डिंकाच्या बाटलीचं बूच काढलं. तो वास येताच त्यांनी समईकडं पाहिलं. तीसजण वह्या उघडून बसले होते. अकोल्याच्या भैरवीनं विचारलं, "काका, डिंक किती वेळ सुकू द्याचा?"

"धा मिनटं तरी."

"अन् घाई असली तं?"

तिनं सहजच विचारलं होतं. पण नीळकंठरावांना तीस गावं दिसली, तीस विंगा आणि प्रत्येक विंगेत एक निरांजन. आरशात धरमसिंग त्यांच्याकडं पाहत होता. रागानं नाही, नुसता वाट पाहत. भीती आता इतकी झाली होती की गप्प राहणंच जास्त जड जायला लागलं.

"घाई असली तं दाढी लावाचीच नाही," ते म्हणाले. "म्या लावली होती. दोन मिनटंबी सुकू देली नाही, अन् निरांजन म्याच पेटवून हाती देलं. ह्या मानसानं बिडी नव्हती पेटवली. खोटं मी बोललो." त्यांनी अनघाताईंकडं पाहिलं. "यादीत माहं नाव टाकू नका, ताई."

भैरवीची पेन्सिल वहीवर तशीच थांबली. नीळकंठराव बाटलीला बूच परत लावायला गेले, तेवढ्यात धरमसिंगनं त्यांचं मनगट धरलं.

"समई तेवढी दूर नेऊन ठेवा, निळूभाऊ. मंग लावा दाढी."

"तुह्या तोंडाले हात लावाची लाज वाटते मले."

"वाटू द्या. आठ वर्षं झाले, कोनी रंग नाही लावला."

नीळकंठरावांनी समई उचलून पार दाराशी नेऊन ठेवली. परत येऊन त्या गुळगुळीत कातड्यावर, जिथं आता एक केसही उगवत नव्हता, कुंचला टेकवला. धरमसिंगनं मान वर केली, पण डोळे मिटले नाहीत. दहा मिनिटं पूर्ण होईतो तो उघड्या डोळ्यांनी दाराजवळच्या त्या ज्योतीकडं पाहत राहिला.