घाई नसलेला भिडू

दिल्लीच्या द्वारकेत तो रोज सकाळी माझ्यासोबत सायकल मारायचा. माझी मराठीतली शिवी ऐकून ओळख झाली, नाव काही विचारलं नाही. दोघं एकमेकांना भाऊ म्हणायचो.

सीझनची पहिली डोंगरातली रेस गुडगावच्या मागे होती. मी ज्या सोसायटीत लिफ्ट सांभाळतो तिथे आधीच सांगून बसलो होतो, "शेवटचा येणार नाही." तिसरीत शाळा सुटली, तोवर वर्गात कायम शेवटचाच होतो ना.

वाट अरुंद, हा भाऊ पुढे, मी मागे. मागून कोणी आलं की हा थांबायचा, घंटी वाजवून हात दाखवायचा, "जाइए जी, जाइए." मग मलाही थांबावं लागायचं.

"अहो भाऊ, रेस आहे यार!"

"जाऊ द्या, त्यांना घाई आहे."

माझं डोकंच फिरलं. रागात सायकल जोरात मारली आणि सरळ कीकरच्या, म्हणजे आपल्या बाभळीच्या, काट्यांत घुसलो. याने बसून एकेक काटा काढला. तोवर सगळे पुढे गेले, आम्ही दोघंच उरलो.

फिनिशच्या दोरीपाशी हा बाजूला झाला. घंटी वाजवली.

"जा भाऊ, तुम्हाला घाई आहे."

गेलो की मी, थँक्यू पण न म्हणता.

सोसायटीत छाती फुगवून सांगितलं. कोणीतरी विचारलं, "मग शेवटचा कोण आला?"

मला नावच सांगता येईना.