रेडिओला जोडीदार हवाय

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्याचं सलून आहे त्याला सगळे 'रेडिओ' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. सकाळी शटर वर गेलं की हा सुरू होतो आणि संध्याकाळी शटर खाली आलं तरी आतून थोडा वेळ आवाज येतच राहतो. वय चाळिशीच्या पलीकडचं, पोट बेताबाहेर जायच्या बेतात, आणि व्यायाम म्हणाल तर खुर्चीभोवती प्रदक्षिणा. असा माणूस कडे चढायला लागला त्याला कारण एकच : थाप.

झालं असं की एक विमा एजंट केस कापायला बसला होता. गावाबाहेर जो उंच सुळका आहे त्यावर तो आदल्या रविवारी जाऊन आला होता, आणि ते सगळ्या जगाला कळल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हती.

"वरून तुमचं दुकान मुंगीएवढं दिसतं," तो म्हणाला.

दुकानाला मुंगी म्हटलेलं रेडिओला झोंबलं. कात्री नीट चालत राहिली, जीभ मात्र घसरली. "मी दोनदा जाऊन आलोय. कड्याच्या बाजूने. दोर लावून."

बाहेर टॉवेल वाळत घालणाऱ्या त्याच्या बायकोने हे ऐकलं. एजंट गेल्यावर ती आत आली. "दोनदा? गच्चीवर टाकी बघायला जाता तेव्हा जिन्यात दोनदा बसता. ते दोनदा का?"

एजंटचा धंदाच बोलण्याचा. दोन दिवसांत बातमी गल्लीभर झाली आणि शाळेच्या मुख्याध्यापिका स्वतः दुकानात आल्या. मुलांसमोर गिर्यारोहणावर दोन शब्द बोलाल का? आयुष्यात पहिल्यांदा रेडिओने बोलायला नकार दिला. घसा बसलाय म्हणाला. चांगला खणखणीत म्हणाला.

"एक तर खरं सांगा," बायको म्हणाली, "नाहीतर खरं करा."

खरं सांगण्यापेक्षा कडा चढणं त्याला सोपं वाटलं. यावरून माणसाची पारख करा.

स्टेशनामागच्या एका जुन्या गोडाऊनमध्ये चढाईच्या सरावाची भिंत होती. रंगीबेरंगी खुंट्या ठोकलेली, छतापर्यंत. शिकवणारी मुलगी काडीसारखी होती आणि तिच्या हातांची सालं निघालेली होती. तिने रेडिओला खालून वर आणि मग बराच वेळ मध्यभागी पाहिलं.

"जोडीदार कुठाय?"

"कसला जोडीदार?"

"एकाने चढायचं, दुसऱ्याने दोर धरायचा. वरचा पडला की खालचा त्याला दोरावर झेलतो. ज्याच्या हातात जीव देता येईल असा कुणीतरी आणा."

रेडिओने मेव्हण्याला आणलं. बायकोचा भाऊ म्हणजे घरचा माणूस, असा त्याचा हिशोब. रेडिओ तीन खुंट्या चढला, चौथीवरून हात सुटला आणि धाडदिशी गादीवर पाठीवर आला. मेव्हण्याने दोर ढिला सोडून खिशातून फोन काढला होता.

"महत्त्वाचा होता," मेव्हणा म्हणाला. शिकवणाऱ्या त्या काडीने मेव्हण्याला तिथल्या तिथे बाहेर काढलं.

मग रेडिओने जी युक्ती काढली तिला मी स्वतः बळी पडलोय. दाढीला बसलो होतो. गालाला फेस, मान मागे, गळ्यावर वस्तरा. त्या अवस्थेत वरून प्रश्न आला, "रविवारी काय करताय?"

काय सांगणार? मान हलवायचीही सोय नव्हती. मी "काही नाही" म्हणालो. माझ्याआधी औषधाचा दुकानदार असाच "काही नाही" म्हणाला होता, त्याच्याआधी बँकेतला एक जण. सगळे एकेकदा गोडाऊनला गेले. दुकानदाराला खाली उभ्या उभ्या चक्कर आली. मी दोर इतका ताणून धरला, की रेडिओला चढताच येईना, तो पतंगासारखा लोंबकळत राहिला आणि लोंबकळता लोंबकळता मला लग्न, राजकारण आणि मूळव्याध यांबद्दल सांगत राहिला. महिन्याभरात आम्ही बहुतेक सगळे समोरच्या सलूनमध्ये दाढी करायला लागलो.

"त्या डोंगराचं राहू द्या," बायको म्हणाली, "आधी हे दुकान बसेल."

अशा वेळी भूलबाई आल्या. हे नाव अर्थात रेडिओनेच ठेवलेलं. त्या सरकारी इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टर, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, चेहरा शांत तळ्यासारखा. पंधरा-वीस वर्षं कडे चढत होत्या, पण त्यांच्या जोडीदारणीने गुडघा बदलून घेतला आणि चढणं सोडलं. काडीने दोघांची गाठ घालून दिली. रेडिओने लगेच स्वतःची सगळी माहिती सांगितली, मग मेव्हण्याची, मग मेव्हण्याच्या फोनची.

भूलबाईंनी ऐकून घेतलं. "माझे पेशंट बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "मला तशी सवय आहे. दोरावर असताना कामापुरतं बोलायचं. जमेल?"

"जमेल की! न जमायला काय झालं? आमच्या वडिलांचा एक मित्र होता, तो..."

"आत्ता जमलं नाही."

बाईंनी त्याला चढायला शिकवण्याआधी पडायला शिकवलं. दोन माणसांच्या उंचीवर जायचं आणि हात सोडायचे. रेडिओला ते जमेना. डोकं म्हणे सोड, हात म्हणत वेडा झालास का. बाई खाली दोर धरून उभ्या राहायच्या, ना घाई करायच्या, ना धीर द्यायच्या. एका संध्याकाळी त्याने डोळे मिटून, कुलदेवतेपासून बायकोपर्यंत सगळ्यांची नावं घेत हात सोडले. हातभर खाली आला आणि थांबला. बस. एवढंच होतं. तो इतका खूष झाला, की उरलेली संध्याकाळ नुसता पडत राहिला.

मग पाय. "हातांनी लोंबकळू नका, पायांवर उभे राहा," हे बाई रोज सांगायच्या. गाठींचा सराव दुकानात चालायचा. खुर्चीच्या दांड्याला दोर बांधलेला असायचा आणि गिऱ्हाइकाला स्वतःला सोडवून घेऊन उठावं लागायचं. पोट थोडं आत गेलं. थंडी सरताना बाई म्हणाल्या, "येत्या रविवारी सुळका."

खाली पोचल्यावर कडा पाहून रेडिओच्या तोंडचं पाणी पळालं. बाई पुढे चढल्या, वर एका कोनाड्यात स्वतःला बांधून घेतलं आणि हाक दिली, "या!"

निम्म्यापर्यंत ठीक गेलं. मग हाताशी काहीच येईना. डावा पाय शिलाई मशीनसारखा थडथडायला लागला. वर बाई दिसत नव्हत्या, खाली बघायची सोय नव्हती. रेडिओच्या तोंडून शब्द फुटेना.

दोर थांबलेला बाईंना कळला. "श्वास सोडा," वरून आवाज आला. "धरून ठेवलाय तुम्ही."

त्याने सोडला. पाय उचलला, आणि घसरला. दोर ताणला गेला, गुडघा दगडावर खरवडला, आणि तो भिंतीला लटकून राहिला. मग मात्र वाचा फुटली. त्याने डोंगराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, एजंटाचा केला, आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "बाई, मी घरी जातो."

"चालेल," बाई म्हणाल्या. "खाली सोडते. सांगा तेव्हा."

नुसतं एवढंच. कुणी "अहो, जमेल तुम्हाला" म्हटलं असतं तर तो नक्की खाली आला असता, असं तो नंतर मला म्हणाला. कुणीच आग्रह करत नाही म्हटल्यावर त्याची पंचाईत झाली. लटकल्या लटकल्या त्याला उजवीकडे, कमरेच्या उंचीला, बोटभर रुंद कंगोरा दिसला. त्याने पाऊल टेकवलं. हातांनी ओढायचं सोडून उभा राहिला. कंगोऱ्यावर पाय टिकला.

अखेर दोघं माथ्यावर पोचले, तेव्हा रेडिओचा गुडघा रक्ताने माखलेला आणि चेहरा दैवी होता. समोर एक कुटुंब चटई टाकून संत्री सोलत बसलं होतं. पायात घरच्या चपला.

त्यातल्या आजींनी या दोघांना कड्यावरून वर येताना पाहिलं आणि संत्रं हातात तसंच राहिलं. "अगं बाई! तिकडून का आलात? इकडे पायऱ्या आहेत की. कठडापण लावलाय."

एजंट कुठून आला होता ते रेडिओला त्या क्षणी कळलं. भूलबाई मात्र हसायला लागल्या, आणि हसता हसता खालीच बसल्या. रेडिओने त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. आजींनी दोघांना एकेक संत्रं दिलं.

"आमचा रस्ता लांबचा पडला," रेडिओ म्हणाला, आणि आजींशेजारी बसून संत्रं खाल्लं. गावाकडे बघत बराच वेळ बसला. दुकान शोधलं. ते खरंच मुंगीएवढं होतं, आणि त्याचं त्याला आता काही वाईट वाटलं नाही.

सोमवारी तो मुख्याध्यापिकांकडे गेला, दोनदा चढल्याची ती थाप होती हे कबूल केलं, आणि मुलांसमोर बोलला. दोन शब्द ठरले होते. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी चालूच होता.

आता दोघं महिन्यातून एखादा रविवार कुठल्यातरी कड्यावर जातात. मागच्या वेळी सुळक्यावर बायकोही गेली, थर्मास घेऊन, पायऱ्यांनी. ती कधीच वर पोचली होती. रेडिओ कड्याला चिकटून पायाखाली जागा चाचपत होता, तेवढ्यात माथ्यावरून डोकं बाहेर काढून ती ओरडली,

"अहो, चहा निवतोय!"

"बाई," खालून रेडिओ कळवळून ओरडला, "तिला सांगा, दोरावर कामापुरतंच बोलायचं असतं!"

"हे कामाचंच आहे," भूलबाई म्हणाल्या, आणि दोर जरा आवळून घेतला.