आमचा दुभाष्या बोलिव्हियात

आमच्या दुभाष्याने उभ्या जन्मात 'मला कळलं नाही' हे वाक्य उच्चारलं नव्हतं. हे घराण्यातच असावं. कात्रजला त्याचे वडील फाटकाशी उभे राहून, स्वतः कधी न पाहिलेल्या गल्लीचाही पत्ता वाटसरूंना ठामपणे सांगत. हिंजवडीतल्या आयटी कंपनीत आम्ही दोघं शेजारी बसायचो. फोनवर क्लायंट काय म्हणतोय हे टीममध्ये कोणालाच कळायचं नाही, तेव्हा मान हलायची ती याची. मग आठवडाभर आम्ही सगळे मन लावून भलतंच काम करत बसायचो.

पुढे स्पेनचा एक क्लायंट आला आणि कंपनीने स्पॅनिशचा क्लास काढला. त्यात हा पहिला आला. प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन मॉनिटरशेजारी उभं राहिलं, आणि दुभाष्या हे नावही तेव्हाच पडलं. सह्याद्रीतले किल्ले करून झाले होते, त्यामुळे एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने फर्मान काढलं, "या वर्षी बोलिव्हिया करू. तिथे स्पॅनिशच बोलतात. लँग्वेजचं टेन्शन घेऊ नका, मी आहे ना." घेऊ नका म्हणजे मी आणि विश्रांतवाडीचा सुहास. सुहास टेस्टिंगमध्ये होता. पक्का शाकाहारी, आणि कोणाला नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पाठीवर सॅका लावून आम्ही निघालो.

प्रश्न विचारावा तो त्यानेच. अदबीने, घोळवून, अगदी क्लासमधल्या बाईंना भरून यावं असा. पंचाईत व्हायची ती उत्तर आल्यावर, कारण तिथल्या लोकांनी आमचं पाठ्यपुस्तक वाचलेलं नव्हतं. एकदा बसस्टँड विचारला, तर एका दुकानदाराने दोन्ही हात वापरून लांबलचक माहिती दिली. दुभाष्या "सी, सी", म्हणजे 'हो, हो', म्हणत मान हलवत राहिला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "सरळ जा म्हणतोय."

"एवढा वेळ फक्त सरळ?" मी विचारलं.

"आधी प्रस्तावना होती."

सरळ गेलो तर गुरांचा बाजार लागला. शाकाहारी म्हणून मागवलेल्या सूपमध्ये कोंबडीचा अख्खा पाय तरंगत आला, तेव्हाही त्याचा आत्मविश्वास ढळला नाही. "यांच्याकडे हे शाकाहारात धरतात," त्याने सुहासला समजावलं. सुहासने त्या दिवशी केळी खाल्ली. दुसऱ्यांदा विचारू म्हटलं की दुभाष्या दुखावला जायचा. "अरे, कळलंय मला. परत विचारलं तर इंप्रेशन काय पडेल?"

मग आम्ही उंचावरच्या एका खेड्यात पोहोचलो आणि सुहासला तिथली विरळ हवा बाधली. आधी डोकं धरलं, मग उलट्या. सकाळी त्याचे ओठ निळे पडले होते आणि तो मला माझ्या नावाऐवजी स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारत होता. त्याला धरून आम्ही गावच्या दवाखान्यात नेलं. तिथली नर्स त्याला तपासता तपासता भराभरा बोलत होती. मध्येच तिने रस्त्याकडे हात केला. दुभाष्याने सवयीने मान हलवली. "सी, सी."

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"म्हणतेय की... मोठ्या शहरात हॉस्पिटल..." आणि तो थांबला. त्याने सुहासकडे पाहिलं. सुहास भिंतीला टेकून लहान मुलासारखा त्याच्याकडे बघत होता. दुभाष्याचे कान लाल झाले. तो परत नर्सकडे गेला आणि पडल्या आवाजात म्हणाला, "मला कळलं नाही. हळू सांगा." इतकी साधी स्पॅनिश त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली, आणि ती मलासुद्धा समजली.

नर्स हळू बोलली, हातांनी डोंगर दाखवत बोलली. शहराचा रस्ता आणखी उंच घाटातून जातो. तिकडे नेलंत तर हा वाटेतच जाईल. खाली दरीच्या गावात न्या, आत्ताच्या आत्ता. दुभाष्याने तिच्याकडून प्रत्येक शब्द पुन्हा वदवून घेतला. खाली जाणाऱ्या जीपमध्ये तो सुहासचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि रडत होता. इतकी वर्षं मी त्याची टिंगल केली, पण त्या दिवशी मला तो फार आवडला. दरीत उतरल्यावर सुहासने मला माझ्या नावाने हाक मारली आणि डाळभात मागितला.

पुढे दुभाष्या कायमचा कॅनडाला निघाला. बाणेरच्या एका हॉटेलात त्याला निरोप दिला. ऑफिसातली नवी पोरं भोवती बसलेली, आणि हा रंगात आलेला. "नर्स इतकी फास्ट बोलत होती, दुसरा कोणी असता तर गडबडला असता. मला पहिल्या झटक्यात कळलं. म्हटलं, घाट नको, खाली चला!"

मी तोंड उघडलं. टेबलाखाली सुहासने माझा पाय दाबला. मग दुभाष्याकडे बघत त्याने गंभीरपणे मान हलवली.

"सी, सी," सुहास म्हणाला.